कलावंताचा गबाळेपणा आणि तीस रुपयांची तार

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी शाळेत संगीतशिक्षिका म्हणून नोकरीस लागली. रुजू होण्याच्या आदल्या रविवारी ती पेढे घेऊन घरी आली, नमस्कार केला, आणि चहा होताच मोबाइल माझ्यापुढे करून म्हणाली, "सर, यातले काय काय घेऊ, तेवढे सांगा." तिने यादीच तयार ठेवली होती. चाकांची बॅग, तिच्यात बसणाऱ्या लहान लहान पिशव्यांचा संच, वर्षाचे नियोजन लिहिण्याची जाड पुठ्ठ्याची डायरी, कपड्यांच्या सुरकुत्या काढणारे वाफेचे यंत्र, आणि टेबलावर वस्तू मांडून ठेवण्याचे लाकडी खण. बेरीज साडेसहा हजारांवर गेली होती. पहिला पगार हाती यावयास अजून पाच आठवडे होते.

मी म्हटले, "अगं, यातले काहीच घेऊ नकोस. उद्या मांडवीकडे जाशील तेव्हा एक साधी शंभर पानी वही, एक पेन्सिल, सेफ्टी पिनांचे एक पान आणि तंबोऱ्याच्या तारांचा एक जादा संच घेऊन ये. बाकीचे सगळे घरात आहे."

"घरात कुठे आहे सर?"

"आईला विचार. जुना पंचा, सुईदोरा, आणि जुन्या लग्नपत्रिका."

मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की सरांचे वय झाले असावे. तिला त्या दिवशी जे सांगितले तेच येथे जरा सविस्तर मांडतो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आम्हा संगीतशिक्षकांच्या साऱ्या जमातीचा तो आहे, आणि त्याचे मूळ बाजारात नसून आपल्या एका लाडक्या समजुतीत आहे.

ती समजूत अशी की, कलावंत म्हटला की तो थोडा गबाळा असावयाचाच. सदऱ्यावर पानाचा डाग, एक बटण तुटलेले, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, बैठकीस सव्वा तास उशीर. हे सारे जणू प्रतिभेचे दाखले. आपल्या जुन्या घरांतून अशा गोष्टी किती कौतुकाने सांगितल्या जातात! अमके बुवा पायांत दोन वेगवेगळ्या वहाणा घालून आले, तमके खाँसाहेब वाद्यच घरी विसरले आणि मग उसन्या वाद्यावर काय वाजवले म्हणता! गवई वेळेवर आला आणि त्याचा सदरा धुतलेला असला, तर श्रोत्यांना त्याच्या गाण्याविषयीच शंका येऊ लागते. ही समजूत निदान बडोद्यापुरती तरी निराधार आहे, आणि तिने आम्हा मास्तर मंडळींचे पुष्कळ नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्यापुरते म्हणतो, कारण या शहरात गाणे हे व्यवस्थेच्या मांडीवर वाढले. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा येथे सुरू झाली. त्या काळी गाणे कागदावर उतरवून वर्गात शिकवावयाचे ही कल्पनाच पुष्कळांना विपरीत वाटत असे. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि तीवर पाठ्यपुस्तके छापली. सयाजीराव महाराजांच्या दरबारी गवयी, वादक, नर्तक अशा सर्वांचे मिळून कलावंत खाते होते, आणि त्या खात्याला चक्क छापील नियम होते. हजेरी, रजा, दंड, सारे काही. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली येथेच भरली. ती भरवण्यात पुढाकार असलेल्या पंडित भातखंड्यांनी गावोगावच्या घराण्यांतल्या बंदिशी मिळवल्या, टिपल्या, लावल्या, आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग उभे केले. हे काम गबाळ्या माणसाच्या हातून होणे शक्य आहे काय? विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोरास विद्यालय काढले, त्यांची ख्याती तर वेळेच्या काटेकोरपणाबद्दलच होती. आणि फैयाज खाँसाहेब! १९५० साली बडोद्यातच त्यांचा अंत झाला, पण त्यांची छायाचित्रे अजून आपल्या अनेक घरांच्या भिंतीवर आहेत. तो साफा पाहा, अंगरखा पाहा, छातीवरची पदके पाहा. त्या चित्रात गबाळेपणाला कोठे जागा दिसते?

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, १९४६ साली वयाच्या पंधराव्या वर्षी तबल्याच्या साथीला म्हणून दरबारच्या पदरी लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, म्हणजे दरबारी नोकरीची त्यांना तीनच वर्षे मिळाली. पुढची सारी हयात त्यांनी शिकवण्या करून काढली. मी त्यांना एकोणपन्नासाव्या वर्षी झालेला मुलगा. तेव्हा मला दरबार दिसला तो फक्त त्यांच्या सवयींत. आणि त्या सवयी कशा? घरात दोन खोल्या, पाच माणसे, पण अण्णांची तबल्याची जोडी, हातोडी, चुंबळी, पावडरची डबी, जादा वादीचा वेटोळा आणि पुसावयाचा पंचा या सहा वस्तू डोळे मिटून हाताला लागाव्यात अशा असत. लहानपणी एकदा मी हातोडीने खिळा ठोकला आणि ती खिडकीत ठेवून दिली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला त्या रिकाम्या जागेकडे पाहत अर्धा तास बसवून ठेवले.

त्या नियमांत कलावंताचा मान होता की अपमान, यावर आमच्या घरी वाद होत असत, हे येथे सांगितले पाहिजे. आईचे म्हणणे, हजेरी घेऊन आणि दंड लावून कलावंताला हुजऱ्याच्या ओळीत बसवणारे नियम ते; त्यांचे गोडवे काय गावयाचे? तिचे म्हणणे खोटे नव्हते. अण्णांचे उत्तर ठरलेले असे: "दंड गेला. मग पंचाही टाकून देऊ काय?" मला वाटते, ज्या दिवशी दंड करणारा कोणी उरला नाही, त्या दिवसापासून ती टापटीप खऱ्या अर्थाने त्यांची स्वतःची झाली. आमच्या पुष्कळ मंडळींनी मात्र दंडाबरोबर पंचाही टाकला.

मीही टाकला होता. २००९ सालची गोष्ट. मी तेव्हा एका शाळेत गाणे शिकवीत असे; शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष माझा होता. स्नेहसंमेलनासाठी बत्तीस मुलींना भूपातली एक प्रार्थना सहा आठवडे घोटून घोटून शिकवली होती. मुली काळी चारमध्ये इतक्या सुरेल गाऊ लागल्या होत्या की तालमीच्या वेळी शाळेचा शिपाईदेखील दारात उभा राहून ऐके. मी घरचा तंबोरा रिक्षातून घेऊन गेलो. पाहुणे येऊन बसले, आणि पडद्यामागे जोडाची तार लावताना ती तटकन तुटली. पिशवीत हात घातला. बसची दोन जुनी तिकिटे, हिंग्वाष्टक चूर्णाची पुडी, चुरगळलेला कागद, एक वाळलेले पेन. तार नाही. घाबरून दुसऱ्या जोडावर काम भागवू पाहिले, तर खुंटी घसरू लागली, आणि खडूचा तुकडाही जवळ नाही. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. चार मिनिटे गेली असतील. व्यासपीठावरच्या बाईंनी अखेर त्याच प्रार्थनेची सीडी लावली. ती होती काळी एकमध्ये. बिचाऱ्या मुली! अर्ध्या जणी खाली गडप झाल्या, अर्ध्या वरच्या सप्तकात चढल्या, आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिका अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, "सर, ते रेकॉर्डिंगच बरे पडते. वेळ वाचतो." त्यावर मला उत्तर नव्हते. मी तेथे होतो तोवर त्या व्यासपीठावर पुन्हा तंबोरा चढला नाही. आज ती तार तीस रुपयांना मिळते. तेव्हा त्याहूनही स्वस्त होती.

अण्णा त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मी त्यांना काही सांगितले नव्हते. तंबोरा तीन तारांचा होऊन परत आलेला त्यांनी पाहिला, एवढेच. दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत एक कागदाची पुडी होती. आत चार तारा, प्रत्येकीचे निराळे वेटोळे, आणि पुडीवर पेन्सिलने त्या दिवसाची तारीख.

आता त्या मुलीला सांगितलेल्या युक्त्या. युक्त्या कसल्या, पोटापाण्याच्या सवयी आहेत त्या, आणि गाण्याखेरीज इतर नोकऱ्या करणारांनाही त्यांतल्या बऱ्याच लागू पडतील.

पहिली तीच, तारेची पुडी. ज्या वस्तूवाचून काम थांबते तिची एक जोड पिशवीत कायमची असावी, आणि ती वापरली की त्याच दिवशी परत भरावी. पुडीवर तारीख अशासाठी की पोलादी तार पुडीतही गंजते, वर्षाने बदलावी. जोडाच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी, तेव्हा वेटोळी निराळी ठेवावीत. घाईत चुकीची तार हाती आली तर ती नसल्यासारखीच. तिच्याबरोबर खडूचा एक तुकडा आणि जवारीसाठी सुती दोऱ्याची गुंडी. आपल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अशा बसतात की हलत नाहीत, आणि वैशाखात अशा सैल होतात की राहत नाहीत. खुंटीला खडू चोळला की ती बसते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या पंच्याने पुसाव्यात. बोटांचा घाम हा तारेचा खरा शत्रू. याला अर्धे मिनिट लागते. जुन्या धोतराचा तुकडा विकतच्या कोणत्याही फडक्याहून चांगला, आणि तोच पंचा प्रसंगी चष्म्याला, चपलेला, आणि कपाळालाही चालतो. मात्र या क्रमाच्या उलट!

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही वेळ चुकवतो ती आळसाने नव्हे, तर चुकीची वेळ लक्षात ठेवून. कार्यक्रम सहाला असला तर आम्ही डोक्यात सहा धरतो. अण्णा कधीही कार्यक्रमाची वेळ लिहून ठेवीत नसत. वाद्य लावावयास बसण्याची वेळ लिहीत. कार्यक्रम सहाचा, तर भिंतीवरच्या पंचांगात पाच वीस. वाद्य बाहेरून आले की त्या खोलीच्या हवेत त्याला जरा बसू द्यावे लागते, मग लावावे लागते, आणि लावून झाले की पुन्हा एकदा पाहावे लागते. हा सारा वेळ कामाचाच आहे. तो कोणी मोजत नाही म्हणून आपणही मोजत नाही. बँकेतल्या माणसाला गल्ला मोजावा लागतो, वकिलाला कागद लावावे लागतात, शिक्षकाला फळा पुसावा लागतो. तेव्हा आपले वाद्य लावण्याची वेळ कोणती, हे ज्याने त्याने आपापल्या धंद्यात शोधावे.

कपड्यांविषयी फार लिहीत नाही. अण्णांचे पांढरे सदरे दोनच होते. एक अंगावर, एक दोरीवर. नीळ आई घालीत असे, आणि इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे घालून घरीच. किंवा सदरा किंचित दमट असताना नीट घडी घालून रात्रभर गादीखाली. आजही इस्त्रीवाल्याची लारी बंद असली की मी तेच करतो, आणि वाफेच्या यंत्रावाचून माझे काही अडलेले नाही. सुईत दोरा ओवून ती कागदात टोचून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवावी. दोन सेफ्टी पिना पिशवीच्या पट्ट्याला आतून लावून ठेवाव्यात. साडी नेसणाऱ्या शिक्षिकेला त्या केव्हा उपयोगी पडतील हे सांगणे नको. वहाणांना महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा बोळा. पान खाणारांनी शाळेत जाण्यापूर्वी आरशात पाहावे. मुले तोंडाकडे पाहूनच गाणे शिकतात, हे आम्ही विसरतो.

मला ज्याविषयी खरोखर लिहावयाचे आहे ती गोष्ट लग्नपत्रिकांची. आपल्या मराठी घरांत पत्रिकांना काय तोटा! अण्णा जुन्या पत्रिका कात्रीने पोस्टकार्डाच्या आकाराच्या कापीत आणि कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरांत लिहीत. एका पत्त्यावर एकच कायदा, किंवा एकच तुकडा. वरच्या कोपऱ्यात तालाचे नाव. खाली, हा कोणाला शिकवला आणि कोणत्या तारखेला. एका तालाचे पत्ते एका दोऱ्यात ओवलेले. त्रितालाचा गठ्ठा जाड, झपतालाचा मध्यम, आणि सवारीचा अगदी बारीक. अडीचशे-तीनशे पत्ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात राहत. वहीत लिहिलेले शोधावे लागते. पत्ता पुढे-मागे करता येतो. उद्या कोणाची शिकवणी आहे, त्याचे चार पत्ते आदल्या रात्री काढून खिशात ठेवले की तयारी झाली. पुष्कळ वर्षांनी मी ग्रंथालयांतल्या जुन्या पत्त्यांच्या कपाटांविषयी ऐकले, तेव्हा अण्णांची ही रीत त्यांच्या घरची नसून जगातल्या व्यवस्थित माणसांची आहे, असे ध्यानात आले. मी बंदिशींसाठी तेच करतो. मागच्या बाजूला कोणाकोणाचे "शुभविवाह" छापलेले असतात. यमनाच्या एका पत्त्यामागे ज्या जोडप्याचे नाव आहे, त्यांची नात आता माझ्याकडे यमन शिकते.

शाळेसाठी मात्र वहीच बरी, कारण तेथे पन्नास-पन्नास मुलांचे वर्ग असतात. एका वर्गाला एक वही. डाव्या पानावर आज काय शिकवले ते, उजव्या पानावर काय राहिले ते. तास संपल्यावर लगेच दोन ओळी, घरी जाऊन नव्हे. पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधावी, म्हणजे ती हरवत नाही आणि मुलांना हसावयास एक विषय मिळतो. ज्या दिवशी मुख्याध्यापक विचारतील, "सर, या वर्षात तुम्ही केले काय?" त्या दिवशी ही वही पुढे ठेवावी. आमचे काम हवेत विरून जाणारे. गणिताच्या मास्तरांसारखी तपासलेल्या वह्यांची चळत आम्ही दाखवू शकत नाही. म्हणून तर आमचा तास सर्वांत आधी कापला जातो.

मोबाइलमध्ये आता तंबोऱ्याचा नाद मिळतो, हे मला ठाऊक आहे आणि प्रवासात मीही तो वापरतो. त्यातही एक सूचना: तो लावण्यापूर्वी फोन येण्याची सोय बंद करावी. एका प्रार्थनेच्या मध्यावर षड्ज थांबून गॅसच्या सिलिंडरचा निरोप आलेला मी स्वतः ऐकला आहे.

या सवयींचा हिशेब मला २०२४ च्या ऑगस्टअखेर मिळाला. विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आम्ही नदीपलीकडच्या वसाहतीत तळमजल्यावर राहत होतो. पाणी रात्री वाढले. वीज गेलेली. मुलांना आणि आईला वरच्या मजल्यावर पोहोचवून मी एकदाच खाली येऊ शकलो, तेव्हा पाणी गुडघ्यांवर होते. अंधारात हाताला काय लागावे? कपाटावर उजवीकडे पत्त्यांचा डबा. अण्णा २०१३ साली गेले तेव्हापासून तो तेथेच असे. भिंतीच्या खुंटीला गवसणीतला तंबोरा. दाराच्या मागे पिशवी. या तीन वस्तू घेऊन मी जिना चढलो. दिवा असता तरी याहून लवकर झाले नसते.

पेटी मात्र गेली. चांगली, जुन्या सुरांची पेटी होती. दोन दिवसांपूर्वी शिकवणी झाल्यावर ती टेबलावर ठेवावयाची, तर उद्या ठेवू म्हणून मी जमिनीवरच राहू दिली होती. पाणी ओसरल्यावर पाहिली तेव्हा भात्याचा लगदा झाला होता आणि पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. आई तिच्याकडे पाहून काही बोलली नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी ती बाहेर अंगणात बसली आणि पत्त्यांच्या डब्याला ओल लागली आहे का ते पाहू लागली. तीच आई, जी दरबारच्या नियमांना नावे ठेवीत असे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच एका मित्राने घेतला. तो म्हणाला, "तू कारकुनी शिकवतो आहेस. गाणे डब्यात ठेवून येत नाही." खरे आहे. बागेश्री केव्हा उलगडेल हे कोणत्याही पत्त्यावर लिहिलेले नसते, आणि ज्याचे आलापदेखील वहीच्या रेघांवरून चालतात असे गाणे मला ऐकवत नाही. पण आलापाचे स्वातंत्र्य आणि तंबोऱ्याचे स्वातंत्र्य यांत फरक आहे. तंबोऱ्याला स्वातंत्र्य दिले की गवई बांधला जातो. सारी मैफल तो बेसूर खुंटीकडे पाहत काढतो. माझ्या या मित्राची स्वतःची गवसणी गेली चार वर्षे फाटलेली आहे, हे त्याच्या संमतीने लिहीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो कोणी घेतला नाही तरी मी घेतो. दहा महिन्यांच्या करारावर, अपुऱ्या मानधनावर तीन-तीन शाळांतून धावणाऱ्या मुलीला "सदरा गादीखाली ठेव" म्हणून सांगणे यात एक प्रकारचा निर्दयपणा आहे. टापटिपीने पगार वाढत नाही. उलट, ही मुलगी तीस रुपयांत भागवते म्हटल्यावर संस्थाचालक वाद्यांच्या दुरुस्तीचे पैसेही तिच्याच पदरी टाकतील, अशी भीती आहे. तसे झाले तर तिने वही पुढे ठेवून भांडावे. वाद्ये शाळेची, तर तारा, गवसण्या आणि दुरुस्ती यांचा खर्च शाळेचा. हे मागून घेताना बोलणाऱ्याच्या हातात तारखांसह लिहिलेला कागद असला, तर बोलणे टाळता येत नाही. आम्ही आजवर भांडलो ते रुसून आणि कविता करून भांडलो, म्हणून हरलो.

असो. ती विद्यार्थिनी काल पुन्हा आली होती. चाकांची बॅग तिने घेतली नव्हती. डायरी मात्र घेतली होती, रंग आवडला म्हणून. मी काही बोललो नाही. तारांचा संच आणला काय, एवढेच विचारले.

"आणला होता सर," ती म्हणाली, "पण शाळेत तंबोराच नाही."

मी जरा खजील झालो. एवढी प्रवचने केली, आणि हा प्रश्न विचारावयाचे राहिलेच होते. पण तिचे सांगणे संपले नव्हते. तारांची पुडी पाहून शाळेच्या शिपायाने तिला विचारले होते की, खेळाच्या सामानाच्या खोलीत एक मोठा भोपळा पडला आहे, तो याच कामाचा काय? उंच उडीच्या गाद्यांमागे तो निघाला. गवसणी नाही, एकही तार नाही, दोन मणी हरवलेले. पण भोपळ्याला चीर नाही. मधल्या सुटीत तिने तो पंच्याने पुसला आणि संचातल्या चारही तारा चढवल्या. एक खुंटी घसरत होती, तेव्हा वर्गातल्या फळ्यावरचा खडू आणला.

"षड्ज लागतो सर. पण जवारी अगदी बंद आहे, खर्ज तर लाकडासारखा वाजतो. मला दोरा घालता येत नाही."

शनिवारी शाळा सकाळची असते. मी येतो म्हणून सांगितले आहे, आणि साडेदहाच्या ऐवजी वहीत दहा लिहून ठेवले आहेत.